सान तेल्मोची वखार

चौथ्या दिवशी दुपारी पपांच्या खोलीत शंख वाजला.

मी मोरीपाशी कॉफीचे पेले विसळत होते. आदल्या संध्याकाळी जपाला आलेल्या माणसांचे ते पेले, तळाशी साखर साचलेली. पाणी वाहत राहिलं आणि मी ऐकत राहिले. शंख पुन्हा वाजला. लांब, जरासा फाटका आवाज. बंदरातल्या जहाजांचे भोंगे मला लहानपणापासून ओळखता येतात. हा त्यातला नव्हता. चोफी आत्या डोलखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपली होती. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता, वेराक्रुसची सगळी दारं खडखडत होती, पण वारा असा थांबून थांबून वाजत नाही. पपांच्या खोलीचं दार आम्ही पहिल्या दिवशी लोटून घेतलं होतं आणि नंतर कोणी उघडलं नव्हतं. मी दिवाणखान्यातून गेले, भिंतीला अंग घासत, कारण मधोमध क्रूस होता. शवपेटी उचलल्यावर जप सांगणाऱ्या डोन्या तोमासाने तिच्या जागी जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला होता, पपांच्या उंचीचा. नऊ दिवस त्याच्याभोवती बसायचं, नवव्या दिवशी तो कुंचल्याने डब्यात गोळा करून कबरीत नेऊन ठेवायचा. तोवर पाय लागता कामा नये. मी दार उघडलं. कॉम्प्युटर चालूच राहिला होता. चार दिवस तो त्या बंद खोलीत एकटा जागा होता.

स्क्रीनवर एक किल्ला होता, म्हणजे किल्ल्याचं जे उरतं ते. एक बुरूज समुद्रात कोसळलेला, तटाच्या पोवळ्याच्या दगडांतली भोकं दिसत होती, तोफांच्या खिडक्यांत झाडं उगवली होती. पण दोन पडक्या भिंतींमध्ये शिडाचं कापड ताणून मांडव घातला होता आणि त्याखाली पिंपं, काथ्याच्या दोरांची वेटोळी, मिठाच्या गोण्या, एका कुंपणात कासवं. पडक्या किल्ल्याची कोणीतरी वखार केली होती. दरवाजाच्या कमानीत एक बुटका माणूस उभा होता. गवती टोपी, हात मागे बांधलेले, डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली. चाळीस वर्षं धक्क्यावर माल मोजून घेणारे माझे पपा असेच उभे राहत. त्या माणसाची छाती वर-खाली होत होती. तो कोणाच्याही हुकमावाचून आपला श्वास घेत उभा होता. मी पलंगावर बसले. मग खाली आलेली अक्षरं दिसली.

‘पपा, चार दिवस झाले. मेलास का काय? छप्पर गळतंय तुझं.’

अशा वेळी माणसाला काय वाटायला हवं हे मी पुष्कळ पुस्तकांतून वाचलं आहे. मला त्यातलं काही वाटलं नाही. मला फक्त ते ‘तू’ दिसलं. मी एक्केचाळीस वर्षांत पपांना कधी अरे-तुरे केलं नाही. आमच्याकडे बापाला ‘तुम्ही’च म्हणतात; आई म्हणे, त्याने घर सरळ राहतं. आणि इथे कोणीतरी त्यांना मेलास का काय म्हणून विचारत होतं, जसं मांजराला विचारावं, मायेने.

दोन नाताळांपूर्वी मी हलापाहून, जिथे मी राहते तिथून, न सांगता लवकर आले होते आणि पपा या खुर्चीत पुढे वाकून बसलेले सापडले होते. मी हसले होते. “पपा, चाच्यांचा खेळ? या वयात?” एवढंच. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला आणि म्हणाले, “असंच. वेळ जातो.” मग चष्मा पुसत बसले. त्यानंतर मी आले की ती स्क्रीन काळीच असायची. मला वाटलं, सोडला असेल.

मी जुनी पत्रं वर सरकवत गेले. तीन वर्षांची होती. विद्यापीठाच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासते. वाचताना माझं बोट आपोआप ओळीखाली सरकतं. लिहिणारीचं नाव सुलेमा. चिलीच्या उत्तरेला तोकोपिया नावाच्या गावात, मासळी डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामाला. वय सत्तावीस. बाप नाही, म्हणजे आहे, पण त्याचं नाव ती घेत नसे. ती त्यांना विचारायची: ताप आला तर काय घेऊ, घरमालकाला काय सांगू, हा माणूस चांगला वाटतो का तुला. आणि पपा उत्तरं द्यायचे. लांबलचक. माझे पपा, जे दर रविवारी मला फोन करून विचारत, जेवलीस का, इकडे वारा सुटलाय, बरं ठेवतो. त्यांनी तिला आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल लिहिलं होतं, आई त्यांना ओळखेनाशी झाली होती त्याबद्दल, जे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. आणि एका ठिकाणी: ‘डोळे मिट. आता शंख ऐक आणि कोणाचं गलबत आलं ते सांग.’ तिने ओळखलं होतं. ‘तुझे कान चांगले आहेत, पोरी.’ मी तिथे थांबले. समुद्रकाठच्या रस्त्यावर, रविवारी, त्यांचा तळवा माझ्या डोळ्यांवर, त्याला तागाचा आणि डिझेलचा वास, आणि मी भोंगा ऐकून सांगायची: ग्रीक. नॉर्वेचं. हे जगात फक्त दोघांचं आहे असं समजून मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं, लग्न झालं तेव्हा नवऱ्यालाही नाही आणि मोडलं तेव्हाही नाही. बरोबर आलं की पपा ‘हूं’ म्हणत. तेवढ्या ‘हूं’वर मी वाढले.

मी स्वतःला शोधलं. तीन जागी सापडले. ‘उद्या नाही, मुलगी येतेय.’ ‘मुलगी येऊन गेली. वाचत बसली होती.’ आणि सुलेमाने विचारलं होतं, तुझी मुलगी नाही का खेळत, तेव्हा: ‘ती मोठ्या गोष्टी वाचते.’ पुढे काही नाही. या वाक्यात अभिमान आहे की तक्रार, हे मला ठरवता आलं नाही.

शंख पुन्हा वाजला. ‘म्हाताऱ्या?’

मी लिहिलं, ‘आहे मी.’

का लिहिलं याचं उत्तर मी नंतर पुष्कळांना वेगवेगळं दिलं आहे. खरं म्हणजे मला बघायचं होतं, की त्यांच्याशी बोलताना ती कशी दिसते.

‘अरे देवा! चार दिवस जीव खाल्लास माझा. दार उघड. हत्यारं टाकली. आज पाव आणि अवोकाडो, कांदा नव्हता. झालं? घे आत.’

सान तेल्मो हे त्या किल्ल्याचं नाव, आणि हा तिथला नियम होता, पपांनी केलेला; तसा पत्रांत उल्लेख होता. कोणीही येवो, तलवार आणि पिस्तूल कमानीत ठेवायचं आणि आज काय खाल्लं ते खरं सांगायचं. मग आत यायचं, हवं ते घ्यायचं, जास्तीचं ठेवून जायचं. ज्याने खाल्लं नसेल त्याला आधी कासवाचं कालवण. बाहेर सगळे एकमेकांची गलबतं बुडवत आणि इथे येऊन जेवण सांगत. संध्याकाळपर्यंत सहा-सात जण आले. कुमानाचा एक कप्तान मका आणि तळलेला मासा म्हणाला. ग्वायाकिलची एक बाई म्हणाली, काही नाही, भांडण झालं. मी पपांच्या टोपीखाली उभी राहून सगळ्यांना ‘या’ म्हणत होते. मग डोन्या तोमासा आली, मी उठले, हात धुतले आणि बाहेर जाऊन पपांच्या आत्म्यासाठी जप केला.

पाचव्या दिवशी मी किल्ला हिंडले. कोठारं, दारूखाना, पाण्याचं टाकं, जिथे पूर्वी कैदी ठेवत असतील त्या खोल्या. आतल्या चौकात पपांनी एक स्वयंपाकघर उभारलं होतं, ते माझ्या आजीचं होतं. चूल त्याच कोपऱ्यात, खिडकी तशीच बुटकी. एका भिंतीवर त्यांच्या जुन्या धक्क्याचा क्रमांक होता. सुलेमाचा झेंडा होता, कप्तानाची घंटा होती. मी प्रत्येक खोलीत गेले आणि प्रत्येक खोलीत, दार उघडण्याआधी, मला वाटायचं, इथे माझं काहीतरी असेल. माझं कुठेही काही नव्हतं. एखादं पुस्तक सुद्धा नाही. इतका मोठा पडका किल्ला, आणि त्यांनी तो दगड दगड करून भरला, आणि मला ठेवायला त्यांना कोनाडा सापडला नाही.

“काय करतेस गं दिवसभर त्या खोलीत?” चोफी आत्याने विचारलं.

“कागद लावतेय.”

“कागद! आयुष्यात त्याने विजेचं बिल सोडून दुसरा कागद ठेवला नाही.” ती केळी सोलत होती, तळायला. “ते राहू दे. क्रूस कोण उचलणार ते बघ आधी. त्याच्या दोस्ताचं, रुतिलियोचं, खुब्याचं हाड मोडलं, तो पडलाय दवाखान्यात. रक्ताचं माणूस चालत नाही. म्हणजे मी नाही, तू नाही. बाहेरचं हवं, आणि जीव लावलेलं हवं.”

“शेजारची कोन्चा?”

“कोन्चा त्याला जिवंतपणी चिंगूस म्हणायची. तिने उचलला तर तो अर्ध्या वाटेतून परत येईल भांडायला.”

मी हसले आणि मग मला वाटलं की माझ्या बापाला जीव लावलेलं बाहेरचं एक माणूस मला माहीत आहे. तो विचार मी लगेच दाबून टाकला. मेल्यानंतरसुद्धा तीच?

सहाव्या दिवशी सुलेमा खुशीत होती. ‘पपा, ऐक. पुढच्या वर्षी येतेच मी वेराक्रुसला. तू कबूल केलंयस. चमचा पेल्यावर वाजवला की दूध घेऊन येतात ती कॉफी. तुझ्या टेबलावर. तुझ्या त्या खिडकीपाशी.’ त्या टेबलावर मी बसते. म्हणजे बसत होते, वर्षातून दोनदा, समोर पपा वर्तमानपत्र धरून. मला तिथे एक मुलगी बसलेली दिसली, पेल्यावर चमचा वाजवत, अरे-तुरे करत, आणि वर्तमानपत्र खाली ठेवलेले पपा. माझे कान गरम झाले. इतकी स्वच्छ, लहान मुलीसारखी चीड मला कित्येक वर्षांत आली नव्हती. बोटांनी लिहिलं, मी फक्त बघत होते:

‘मला पपा म्हणू नकोस. मला मुलगी आहे.’

 तिचं खेळातलं माणूस कमानीत उभं होतं, तेही श्वास घेत होतं. मग आलं: ‘बरं, डॉन इलारियो. तुम्ही म्हणाल तसं. माफ करा.’

‘तुम्ही’ आलं. मला हवं होतं ते घडलं होतं. ती आत गेली, एक एक करून वस्तू बाहेर आणल्या, दोराचं वेटोळं, होकायंत्र, मिठाची गोणी, जे काही त्यांनी तिला दिलं असेल ते, आणि सगळं कमानीत नीट रचून ठेवलं. आपला झेंडा उतरवला. गलबत लहान होत गेलं.

मी उठले आणि घाईने बाहेर आले, पाणी प्यायला, आणि भिंतीकडून जायचं विसरले. पायाखाली काहीतरी मऊ आलं. क्रूसाचा उजवा हात पार दरवाजाच्या दिशेने फरफटला होता.

“अगं बाई!” आत्या डोलखुर्चीतून उठलीच. “हात मोडलास त्याचा!”

“पुन्हा घालू चुना?”

“पुन्हा घालतात का? मोडला तो मोडला. उचलणाऱ्याच्या नशिबी.” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

मी सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, एका पायाला चुना. मला वाटलं होतं की सुलेमा कोण इथून सुरुवात करावी लागेल. आत्या म्हणाली, “ती मासळीवाली? माहितेय मला. तिच्या दाढेच्या दुखण्यावर लवंग मीच सांगितली होती.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“तू हसली होतीस त्याला. मग तुला कोण सांगणार?” ती पुन्हा बसली. खुर्ची हलेना, तिने पाय जमिनीवर टेकवले होते. “ओतिलिया, मेलेल्या माणसाच्या तोंडून हाकललंस तू त्या पोरीला. तो आता उठून मागे घेणार नाही. ती आणखी पन्नास वर्षं जगेल तर पन्नास वर्षं तिला वाटेल, शेवटी म्हाताऱ्याने नको म्हटलं. जपाने ते नाही पुसलं जाणार. नवव्याच्या आत जा आणि काढून घे.”

सातव्या दिवशी ती आली नाही. मी कमानीत उभी होते. आलेल्यांना विचारायची. ग्वायाकिलच्या बाईला माहीत नव्हतं. कुमानाचा कप्तान म्हणाला, ‘झेंडा काढलाय तिने. काय बोललास रे तिला? पोर तुझ्यावर जीव टाकते.’ हत्यार कमानीत ठेवून तो म्हणाला, आज भात, आणि मग जास्तीचं काही न ठेवता निघून गेला. माझ्या मनात एक लाजिरवाणी गोष्ट चालली होती, ती लिहून ठेवते: ती आलीच नाही तर बरं, असंही मला वाटत होतं. मग मी प्रयत्न केला असं म्हणता आलं असतं, आणि ‘मला मुलगी आहे’ हे वाक्य सान तेल्मोमध्ये पपांचं शेवटचं वाक्य म्हणून राहिलं असतं. त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं. कोणीतरी म्हणायला हवं होतं.

आठव्या दिवशी मी बुरुजावर जाऊन शंख वाजवला. वखारीचा शंख, तो वाजवला की इथे कधी जेवण सांगून आत आलेल्या प्रत्येकाच्या घरी ऐकू जातो. पाच पाच मिनिटांनी, दोन वाजल्यापासून. पाचच्या सुमारास ती आली. कमानीत उभी राहिली, तलवार हातातच.

‘बोला.’

मी लिहिलं: ‘मी ओतिलिया. त्यांची मुलगी. पपा गेले. झोपेत, हृदय थांबलं. परवाचं वाक्य माझं होतं. त्यांचं नव्हतं.’

वारा पडला होता. शेजारच्या घरात कोणीतरी खुर्च्या ओढत होतं, संध्याकाळच्या जपासाठी आमच्याकडे पाठवायला.

‘मी विचारलं मेलास का, तेव्हा तो मेला होता?’

‘हो.’

‘आणि तू लिहिलंस, आहे मी.’

‘हो.’

‘तीन दिवस.’

‘हो.’

‘घाणेरडी बाई आहेस तू.’

‘हो.’

 तिने तलवार ठेवली नाही, पण गेलीही नाही. ‘पुरताना काय घातलं होतं?’

‘निळा सदरा. काळी विजार.’

‘चष्मा?’

चष्मा माझ्या समोर, टेबलावर होता. ‘चष्मा घरी राहिला.’

‘चष्म्याशिवाय पाठवलंस? त्याला दोन हातांपलीकडे दिसत नाही!’

तेव्हा मी पहिल्यांदा रडले. आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि दुःखाने म्हणावं तर तसंही नाही. मला ते सुचायला हवं होतं. हजारो मैलांवरून एका मासळीवालीला ते सुचलं होतं, जिने माझ्या बापाचे डोळे एकदाही पाहिले नव्हते. रडता रडता मला तिचा राग येत होता. मग मी तिला क्रूसाबद्दल लिहिलं. की तो उचलणारा त्या आत्म्याचा धर्मपिता किंवा धर्ममाता होतो, की रक्ताचं चालत नाही, की जीव लावलेलं लागतं. ‘तू उचलशील का?’

‘मी तिकडे कुठून येऊ?’

मी आत्याला विचारायला उठले. आत्या म्हणाली, त्यात काय, हे बंदर आहे. उचलणारा समुद्रावर असला की त्याच्या नावाने दुसरा हात उसना घ्यायचे, तिच्या आजीच्या वेळेपासून. उसना हात कोणाचाही चालतो, रक्ताचासुद्धा, कारण तो त्याचा नसतोच.

‘हात माझा, उचलणारी तू,’ मी लिहिलं.

तिने तलवार खाली ठेवली. ‘आज काही खाल्लं नाही,’ असं लिहिलं. मी तिला आत घेतलं, आजीच्या स्वयंपाकघरात नेलं आणि कालवण वाढलं. निघण्याआधी वखारीच्या किल्ल्या तिच्या नावावर केल्या. खेळ दोनदा विचारतो, नक्की ना? दोन्ही वेळा माझं बोट थांबलं.

नवव्या संध्याकाळी घर भरलं. मक्याच्या पिठाचे तामालेस वाफेवर होते, डोन्या तोमासाने चारी मेणबत्त्या लावल्या. मी गुडघ्यांवर बसले, उजव्या हातात कुंचला, डाव्यात डबा, आणि आत्याने माझ्या खांद्यावरून फोन जमिनीकडे धरला. त्यात सुलेमा होती. रुंद चेहरा, केस ओले, कामावरून येऊन धुतलेले. मी तिला प्रथमच पाहत होते. ती सुंदर नव्हती याचं मला बरं वाटलं आणि तिने काळा शर्ट घातला होता याचं वाईट वाटलं.

“आधी डोकं,” डोन्या तोमासा म्हणाली.

“आधी डोकं,” फोनमधून सुलेमा म्हणाली, आणि मी उचललं. ती सांगेल तेवढंच, ती सांगेल तेव्हा. बायका प्रत्येक भागाला ओळ म्हणत होत्या.

“हा हात असा का पसरलाय?” सुलेमाने विचारलं.

“पाय पडला. माझा.”

“तुझाच असणार.” त्यावर आत्या फस्सकन हसली आणि तोंडावर हात धरला. “हळू काढ,” सुलेमा म्हणाली. “फरशीच्या फटीत गेलाय, तिथलाही. नाही, अजून आहे. डावीकडे.”

मी फटीतला काढला. नखाने काढला. हात झाले. मग पाय आधी की छाती, यावर डोन्या तोमासा आणि कोन्चा यांचं हळू आवाजात जुंपलं, आणि छाती शेवटी असं ठरलं. पाय झाले. मधोमध मूठभर पांढरं उरलं.  फोनमध्ये सुलेमाने डोळे मिटले होते, आणि ओठ हलत होते, ती बहुतेक त्यांना काहीतरी सांगत होती, अरे-तुरे करत. त्यात माझं काम नव्हतं. ती बोलेपर्यंत माझा हात तिथेच थांबला, कारण तो तिचा होता.

“उचल,” ती म्हणाली, डोळे मिटूनच.

मी कुंचला फिरवला. चुना डब्यात पडला. पण सगळा नाही. एक चिमूट मी अंगठ्याखाली धरून ठेवली आणि मूठ मिटून सरळ सदऱ्याच्या खिशात घातली. सुलेमाला ती दिसली नाही. चोफी आत्याला दिसली. तिने फोन जरासा वर, छताकडे वळवला, आणि ‘आमेन’ सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटलं.